डिस्चार्ज कार्डावरच्या शेवटच्या ओळीस खुले पत्र

आंजी (मोठी), ता. जि. वर्धा

‘गरज पडल्यास दाखवावे’ हिला,

पत्राचा मायना लिहायचा तर ‘सप्रेम नमस्कार’ लिहावा लागतो. तुझ्याबद्दल मला प्रेम नाही आणि नमस्कार करावा असं काही तुझ्या हातून घडलेलं नाही. म्हणून मायना गाळतो आणि थेट आरोपपत्र वाचून दाखवतो.

दवाखान्यातून घरी निघालेल्या माणसाच्या कार्डावर तू सगळ्यात खाली बसतेस. वर रोगाचं नाव, भरती झाल्याची तारीख, रक्ताच्या तपासण्यांचे आकडे, गोळ्यांची यादी, सगळं इंग्रजीत. तू मात्र पुष्कळदा मराठीत असतेस, कधी रबरी शिक्क्यात, कधी पेनाने घाईघाईत ओढलेली. म्हणजे अख्ख्या कागदात घरच्यांना वाचता येईल अशी ओळ ती तेवढीच, आणि तिच्यात तारीख नाही, फोन नंबर नाही, कुणाचं नाव नाही. तीन शब्दांत तू मोठ्या इस्पितळाची जबाबदारी उचलून एका मायच्या ओट्यात टाकतेस आणि ती टाकली गेली हे तिला कळूही देत नाहीस.

सर्दी-पडशात, पायाला लागलेल्या ठेचेत तू खपून जातेस. ठेच ठणकते, माणूस आपणहून येतो. तिथे माझं तुझ्याशी भांडण नाही. पण आता तू ज्या कार्डांवर जाऊन बसायच्या बेतात आहेस तिथे तुला बसू द्यायचं नाही, एवढ्यासाठी हे पत्र.

वर्धा, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात सिकलसेल हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. रोगी तो ‘एस एस’ आणि वाहक तो ‘ए एस’, ही अक्षरं इथे लग्नाच्या बैठकीतही निघतात. रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक शिरांत अडकतात, आणि पोर रात्रभर हाडं दुखतात म्हणून कळवळतं. हायड्रॉक्सीयुरियाच्या कॅप्सूल, रक्ताच्या पिशव्या, पुन्हा भरती, पुन्हा शाळा बुडणं, यात घरंच्या घरं वर्षानुवर्षं काढतात. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली आणि त्यासाठी २०४७ हे साल ठरलं. २०२३ च्याच डिसेंबरात अमेरिकेने सिकलसेलवरच्या दोन जनुक-उपचारांना एकाच दिवशी परवानगी दिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी या संस्थेने घडवलेला ‘बिरसा १०१’ हा देशी जनुक-उपचार जाहीर झाला, बिरसा मुंडांच्या नावाचा, आणि त्याचं तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवण्यात आलं. रक्ताच्या कॅन्सरसाठी आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून उभी केलेली ‘नेक्सकार१९’ ही कार-टी थेरपी तर आलेलीच आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला परवानगी मिळाली, ४ एप्रिल २०२४ ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते ती देशाला अर्पण झाली.

मला या सगळ्याचा मनापासून आनंद आहे. ज्या रोगाने इथल्या पिढ्या खाल्ल्या, तो रोग मुळापासून उपटता येईल अशी आशा आमच्या आज्यांना कधी नव्हती. म्हणूनच तुझी भीती वाटते. कारण हे उपचार सुई टोचली आणि संपलं अशा जातीचे नाहीत. त्यांचा निम्मा भाग नंतरच्या आठवड्यांत घडतो, आणि त्या आठवड्यांत यकृतालाही फार सोसावं लागतं.

कसं ते तुला सांगतो, कारण तू ज्या कागदावर बसतेस तो कागद तू कधी वाचलेला नाहीस.

सिकलसेलच्या जनुक-उपचारात रुग्णाच्याच मूळपेशी काढून, प्रयोगशाळेत दुरुस्त करून परत देतात. त्या रुजायला जागा हवी, म्हणून आधीची अस्थिमज्जा रिकामी करावी लागते. सध्या परवानगी मिळालेल्या उपचारांत हे काम बुसल्फान नावाच्या औषधाकडून करून घेतात. अस्थिमज्जा प्रत्यारोपणातही तेच औषध वापरतात. बुसल्फानचा वार मज्जेवर थांबत नाही. यकृतातल्या अतिशय बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर त्याने सुजतं, सोलवटतं, वाहिन्या तुंबतात. रक्त पुढे सरकत नाही, पाणी पोटात साठू लागतं. क्रिस्पर या जनुक-दुरुस्तीच्या तंत्राने उपचार झालेल्या अगदी पहिल्या दोन रुग्णांची हकीकत २०२१ मध्ये छापून आली, तेव्हा त्यातल्या थॅलेसेमियाच्या रुग्णाला हा त्रास होऊन गेल्याची नोंद त्यात होती. तो त्रास बरा झाला, कारण रुग्णावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणारी माणसं होती. हाच विकार बळावून इतर अवयव निकामी व्हायला लागले आणि उपचार झाले नाहीत, तर १०० पैकी ८० हून अधिक रुग्ण दगावतात. यावर डिफायब्रोटाइड हे औषध आहे, महाग आहे, आणि ते जितकं लवकर सुरू होईल तितका त्याचा उपयोग.

आता बघ तुझा गुन्हा कुठे घडतो. या विकाराची पहिली खूण बहुतेक वेळा दुखणं नसतं, वजन असतं. वजन ५ टक्क्यांनी वाढलं तर डॉक्टर सावध होतात. ३० किलोच्या मुलीत ५ टक्के म्हणजे दीड किलो. जन्मभर काटकुळी राहिलेली, खाल्लेलं अंगी न लागलेली सिकलची पोरगी घरी आल्यावर आठवड्यात दीड किलोने वाढली, तर आंजीतली कुठली माय घाबरेल? ती म्हणेल, पोरगी भरली, उपचार लागू पडला. ती शेजारणीला सांगेल, देवाला नारळ फोडेल. तिला ‘गरज’ पडलेली कळणार कुठून? पोट तट्ट फुगेल, उजव्या बरगडीखाली दुखायला लागेल, लघवी कमी होईल, तेव्हा ती तुझं म्हणणं ऐकेल, आणि तोवर तू तिचे सगळ्यात मोलाचे दिवस खाल्लेले असतील.

दुसरी खूण डोळे पिवळे होण्याची. सिकलसेलच्या मुलांत लाल पेशी सतत फुटत असतात, त्यामुळे बिलिरुबिन कायम वाढलेलं, डोळ्यांत पिवळी झाक लहानपणापासूनची. आईने ते पिवळेपण पाळण्यात असल्यापासून पाहिलंय. शहरातल्या नव्या डॉक्टरला बिलिरुबिन ३ दिसलं तर तो दचकेल, आणि आईला डोळे आणखी पिवळे झालेले दिसले तरी ती दचकणार नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर आणि दोघांनाही अर्धंच माहीत. या मुलीचं बिलिरुबिन नेहमी किती असतं, ते आज किती आहे, आणि वाढलंय ते फुटलेल्या पेशींचं की तुंबलेल्या यकृताचं, हे ज्याला एकत्र मांडता येतं तो एकटा माणूस नसतो. त्यात रक्तविकारतज्ज्ञ लागतो, यकृततज्ज्ञ लागतो, डॉप्लर सोनोग्राफीत रक्त उलटं वाहतंय का ते बघणारा लागतो. तिची पाच वर्षांची जुनी फाइल ज्याच्याकडे आहे तो प्राथमिक आरोग्य केंद्राचा डॉक्टरही लागतो. सिकलच्या रुग्णांचं यकृत आधीच थकलेलं असतं, हेही विसरू नकोस. वारंवार चढवलेल्या रक्तातलं लोह त्यात साठतं, पित्ताशयात खडे होतात, आणि कधी रक्तातून आलेली कावीळ मुक्कामाला असते. असं यकृत घेऊन मुलगी बुसल्फानला सामोरी जाणार, आणि तिच्या पाठीशी तू. फक्त तू.

तू म्हणशील, पहिले काही आठवडे मुलं इस्पितळातच असतात, तिथे रोज वजन होतं, पोटाचा घेर मोजतात. खरं आहे. चांगल्या प्रत्यारोपण केंद्रातली सिस्टर सकाळी पहिलं काम तेच करते आणि मी तिच्या पायावर डोकं ठेवायला तयार आहे. पण हा विकार २१ दिवसांनंतरही उद्भवतो. अस्थिमज्जा प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांच्या युरोपीय संघटनेने त्याच्या व्याख्येत उशिरा येणाऱ्या प्रकाराला वेगळी जागा दिली ती उगाच नाही. आणि तुझं राज्य नेमकं इस्पितळाच्या फाटकाबाहेर सुरू होतं.

दुसऱ्या प्रकारच्या जनुक-उपचारात विषाणूच्या रिकाम्या खोळीत जनुक भरून ते शिरेतून देतात. त्या खोळी मोठ्या संख्येने यकृतात जाऊन उतरतात. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी या आजारावरचं झोलजेन्स्मा हे त्यातलं नाव महाराष्ट्राला चांगलं माहीत आहे. १६ कोटींचं इंजेक्शन म्हणून २०२१ मध्ये मुंबई-पुण्यातल्या आईबापांनी लोकांपुढे पदर पसरला, लोकांनी भरभरून दिलं, आयात कर माफ झाला. तेव्हा वर्तमानपत्रांत १६ कोटी हा आकडा रोज होता. या इंजेक्शननंतर किमान ३ महिने यकृताच्या तपासण्या करत राहायच्या असतात, स्टेरॉइड ठरलेल्या दिवसांनी आणि ठरलेल्या पायऱ्यांनीच कमी करायचं असतं, हे मात्र क्वचितच कुणी छापलं.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये कंपनीने कळवलं की रशिया आणि कझाकस्तानातली दोन बाळं हे औषध घेतल्यावर यकृत निकामी होऊन गेली. कधी गेली ते नीट वाच. इंजेक्शननंतर पाच-सहा आठवड्यांनी, आणि स्टेरॉइड कमी करायला सुरुवात झाल्यानंतर एक ते दहा दिवसांत. म्हणजे उपचाराचा गाजावाजा विरून गेल्यावर, बाळ घरी रुळल्यावर. हाच तुझा काळ. मला त्या दोन घरांत काय लिहिलेला कागद होता ते ठाऊक नाही आणि त्यांच्या डॉक्टरांवर मी बोट ठेवत नाही. मी एवढंच म्हणतो की ज्या धोक्याची तारीख साधारण माहीत आहे, त्यावर ‘गरज पडल्यास’ असं लिहिणं हा अपराध आहे.

२०२५ मध्ये पुन्हा तेच. ड्युशेन या स्नायूंच्या आजारावरच्या एलेव्हिडिस या जनुक-उपचारानंतर अमेरिकेत दोन किशोरवयीन मुलं यकृत निकामी होऊन दगावली. दोघंही चालू न शकणारी होती. नोव्हेंबरात तिथल्या औषध प्रशासनाने औषधाच्या माहितीपत्रकावर चौकटीतला इशारा छापायला लावला, चालू न शकणाऱ्या रुग्णांसाठी ते वापरणं थांबवलं, निदान पहिले ३ महिने दर आठवड्याला यकृताची तपासणी सांगितली, आणि निदान २ महिने सोयीच्या इस्पितळाजवळच राहा असंही सांगितलं. दर आठवड्याला. वाटलं तर नाही, दुखलं तर नाही. आणि ‘इस्पितळाजवळ राहा’ हे आंजीच्या माणसाला कोण समजावून सांगणार? वर्धा ते मुंबई रेल्वेने साडेसातशे किलोमीटर आहे. मुंबईत दोन महिने राहायचं तर मजुरी बुडते, दुसऱ्या लेकराकडे कोण बघणार हा प्रश्न उभा राहतो. गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा दादरला आहे म्हणून आमच्याकडच्या कितीतरी कॅन्सरच्या रुग्णांना छप्पर मिळालं. बाबांना ठाऊक होतं की औषध मिळालं तरी टेकायला जागा मिळाली नाही तर माणूस अर्धवट उपचार टाकून गावी परततो.

आता एक जुनी गोष्ट, कारण तुझी खोड जुनी आहे. १९९९ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जेसी गेलसिंगर नावाचा १८ वर्षांचा मुलगा जनुक-उपचाराच्या प्रयोगात स्वतःहून सामील झाला. त्याला यकृतातल्या एका एन्झाइमचा जन्मजात दोष होता, पण औषधावर आणि पथ्यावर त्याचं बरं चाललं होतं. १३ तारखेला यकृताच्या धमनीत विषाणू सोडला, १७ तारखेला तो गेला. नंतरच्या चौकशीत निघालं की त्याचं रक्तातलं अमोनिया उपचाराआधीच वाढलेलं होतं. त्याच्याआधीच्या काही रुग्णांत यकृताला इजा झाल्याच्या खुणा दिसल्या होत्या, त्या जिथे वेळेवर कळवायला हव्या होत्या तिथे कळवल्या गेल्या नव्हत्या. माकडांवरच्या प्रयोगातले मृत्यू संमतीपत्रात नव्हते. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त टोचतं ते हे, की माहिती होती. कुणाच्या तरी वहीत होती, कुणाच्या तरी संगणकात होती. ती एका टेबलावर आली नाही, आणि ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार असलेल्या माणसासमोर आली नाही. या सगळ्या तज्ज्ञांचं मिळून एक पथक हवं म्हणतो ते यासाठी. पाच तज्ज्ञांची नावं दारावर लावली म्हणजे पथक होत नाही. एकाने पाहिलेला आकडा दुसऱ्याने त्याच दिवशी पाहिला तरच ते पथक.

कार-टीच्या बाबतीत तुझा डाव आणखी लांबचा आहे. ज्या पेशी कॅन्सर मारतात, त्या शरीराचं रक्षण करणाऱ्या चांगल्या बी-पेशीही पुसून टाकतात, आणि हे महिनोन्‌महिने टिकतं. भारतात हिपॅटायटिस बी चा जुना संसर्ग घेऊन जगणारी माणसं जवळजवळ तीन कोटी आहेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. बहुतेकांना ते माहीतच नाही. शिवाय ज्यांना ही कावीळ लहानपणी होऊन गेली, तपासणीत वरवर काही दिसत नाही, त्यांच्याही यकृतात विषाणू दबा धरून असतो. प्रतिकारशक्ती उतरली की तो उठतो, कधी उपचारानंतर कित्येक महिन्यांनी. कॅन्सर गेला म्हणून गावजेवण घातलेला माणूस काविळीने जाऊ शकतो. हे टाळायला काय लागतं? उपचाराआधी रक्ताच्या दोन-तीन तपासण्या, गरजेप्रमाणे रोजची एक विषाणुरोधक गोळी, आणि ती गोळी मध्येच बंद केली नाही ना हे विचारणारं कुणीतरी. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ पासून आहे, त्यात तपासणी आणि औषध फुकट आहे. गोळी सरकार देतं. ‘आज घेतली का?’ हा प्रश्न विचारायला माणूस हवा, आणि त्या माणसाच्या जागी तू बसली आहेस.

औषधांचा घोळ वेगळाच. बुसल्फानच्या आसपास साधी पॅरासिटामॉल, जुलाबावरची मेट्रोनिडॅझोल, बुरशीवरची इट्राकोनॅझोल यांनी त्याचा अंमल बदलतो, म्हणून जाणत्या केंद्रात औषधनिर्माता फाइल तपासल्याशिवाय एक गोळी पुढे जाऊ देत नाही. गावात आल्यावर ताप आला तर मेडिकलमधून आणलेली पुडी, आणि ‘लिव्हर साफ व्हावं’ म्हणून काढा. आमच्याकडे काविळीला माळ घालतात, ती लांबत गेली की कावीळ उतरली म्हणतात. माळेने अपाय होत नाही, दिवस जातात, आणि या आजारात दिवसच जायला नकोत. काढ्याचं तसं नाही. कोरोनाच्या काळात गुळवेलीचा काढा प्यायलेल्या सहा जणांच्या यकृताला सूज आल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली, पण पुढे देशभरातल्या रुग्णालयांनी मिळून असे ४३ रुग्ण नोंदवले. मी गुळवेलीला शिव्या देत नाही, आमच्या बांधावर ती आहे. पण ज्याच्या यकृतावर नुकताच एवढा मोठा उपचार झालाय त्याने काढा घ्यायच्या आधी कुणाला फोन करायचा, हे कार्डावर हवं. तिथे तू आहेस, आणि तुला विचारलं तर तू गप्प.

तुझ्या बाजूने बोलणारे म्हणतील, डॉक्टरांना वेळ नाही, दारात रांग आहे, गावपातळीवर हे जमणार नाही. डॉक्टरांचं मला पटतं. रांग मी पाहिली आहे, तुला लिहिणारा हात अठरा तास उभा असतो, म्हणूनच हे पत्र त्याला नाही, तुला आहे. पण गावपातळीवर जमणार नाही हे वर्ध्यात येऊन सांगू नये.

कारण वर्ध्याने हे आधी करून दाखवलंय, आणि तेही अशाच एका मुक्या रोगाबाबत. कुष्ठरोगाचा चट्टा दुखत नाही. तिथे संवेदनाच नसते, म्हणून माणसाला दाखवायची गरजच वाटत नाही. ज्याने तुझ्यावर विसंबून वाट पाहिली त्याची बोटं गेली. मनोहरजी दिवाणांनी १९३६ मध्ये दत्तपूरला कुष्ठधाम उभं केलं. पुढे १९५१ मध्ये गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान वर्ध्यात स्थापन झालं आणि त्याच्या कार्यकर्त्यांनी पद्धत घालून दिली: सर्वेक्षण, शिक्षण, उपचार. रोग्याने यावं म्हणून बसून राहायचं नाही, घरोघर जाऊन अंगावरचा डाग बघायचा, समजावायचं, औषध हातात द्यायचं, पुन्हा जायचं. पुढे ही पद्धत देशाने उचलली. ज्या रोगात शरीर हाक देत नाही त्यात आपणच हाक द्यायची असते, हे या जिल्ह्याला कळून सत्तर वर्षं झाली. यकृतही हाक देत नाही. बराचसा भाग निकामी होईपर्यंत ते निमूट काम करतं.

बाकीचं सामानही इथे आहे. सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था १९६९ पासून आहे, खेड्यासाठी काढलेलं देशातलं पहिलं वैद्यकीय महाविद्यालय, आणि तिचं ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र आंजीतच आहे. शिकाऊ डॉक्टर आमच्या गल्ल्यांतून फिरतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त काढून तपासणीला पाठवण्याची सोय राज्यात झाली आहे. ई-संजीवनीवर डॉक्टर डॉक्टरशी बोलू शकतो. आशाताईंच्या वहीत कुठल्या गरोदर बाईचं वजन कधी करायचं ते लिहिलेलं असतं. लसीच्या कार्डावर ‘गरज पडल्यास टोचावे’ असं कुणी लिहीत नाही, तारीख लिहितात, आणि त्या तारखेला बाळ आलं नाही तर सिस्टर दारात येऊन उभी राहते. टीबीच्या रुग्णाने गोळी चुकवली तर विचारपूस होते. मग लाखो-कोटींचा उपचार घेऊन आलेल्या मुलीचं वजन आठवड्यातून दोनदा करायला आणि यकृताच्या तपासणीतला एसजीपीटीचा आकडा दर सोमवारी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्राला कळवायला काय आडवं येतं? काटा आहे, वही आहे, फोन आहे. मोठ्या केंद्रातल्या एका नर्सचं नाव आणि रात्री उचलला जाणारा नंबर तेवढा नाही. आणि आशाताईंना या कामाचा मोबदला वेगळा आणि वेळेवर द्यावा लागेल, हेही इथेच सांगून ठेवतो. त्यांच्या डोक्यावर फुकटची कामं लादून कुणी पथक उभं केल्याचं सांगू नये.

माझी मागणी अशी आहे. ज्या केंद्राला पेशी-उपचार किंवा जनुक-उपचार करण्याची परवानगी मिळेल, त्याने रुग्ण भरती करण्याआधी त्याच्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला आणि जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाला लेखी कळवावं. आधीचे यकृताचे आकडे मागवून घ्यावेत. हिपॅटायटिसची तपासणी झाल्याशिवाय एक थेंब चढवू नये. घरी पाठवताना मराठीत लिहिलेला कागद द्यावा, त्यात तपासणीच्या तारखा, किती वजन वाढलं तर त्याच दिवशी फोन करायचा तो आकडा किलोमध्ये, कुठली औषधं आणि काढे घ्यायचे नाहीत त्यांची नावं, आणि फोन कुणाला. तपासणीला रुग्ण आला नाही तर शोध केंद्राने घ्यावा. मुंबईत थांबायला लावणार असाल तर राहण्याचा आणि बुडालेल्या मजुरीचा हिशोब उपचाराच्या खर्चात धरावा, कारण तो उपचाराचाच भाग आहे. परवानगी देणाऱ्या सरकारी यंत्रणेने हे सगळं अटीत घालावं आणि तपासावं.

आणि त्या कागदावर तू नसावीस. तुझी तिथली जागा रद्द झाली पाहिजे.

आता वाचणाऱ्यांसाठी दोन शब्द. तुमच्या घरातलं कुणी असा उपचार घेऊन येणार असेल, किंवा साधं अस्थिमज्जा प्रत्यारोपण करून, किंवा प्रतिकारशक्ती उतरवणारं कुठलंही मोठं औषध घेऊन, तर सुट्टी होताना कार्डाच्या तळाशी बघा. तिथे ‘गरज पडल्यास दाखवावे’ एवढंच असेल तर सही करून निघू नका. यकृताची पुढची तपासणी कोणत्या तारखेला, कुठे, आणि तिचा आकडा कोण बघणार, हे विचारा आणि त्याच कागदावर लिहून घ्या. विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

– आंजीचा एक रहिवासी